देऊळ आणि हॉल यांच्यामधली मी

मला धड भिंत म्हणता येत नाही आणि धड दारही म्हणता येत नाही. भोपाळच्या एका सरकारी कारखान्याची वसाहत आहे. तिच्या कडेला, अशोका गार्डनकडे जाणाऱ्या रस्त्यालगत, तिथल्या मराठी मंडळाचं दत्तमंदिर आहे, आणि मंदिराला चिकटून मंडळाचा हॉल आहे. या दोघांच्या मध्ये उभी असलेली जुनी, लाकडी, सरकती भिंत म्हणजे मी. वय झालं आहे, सांधे कुरकुरतात, आणि स्वभाव मुळातच चिडका आहे. पण मित्रांनो, जिला दर आठवड्याला कोणीतरी ढकलून कोपऱ्यात उभं करतं, तिचा स्वभाव गोड राहील तरी कसा?

माझा जन्म कारखान्यातच झाला. तिथे ओतकामासाठी लाकडाचे नमुने बनवायचे. नमुन्याचा ठसा वाळूत घ्यायचा, त्यात वितळलेलं लोखंड ओतायचं, मग ते लोखंड यंत्र होऊन कुठल्या कुठे जायचं आणि लाकडाचा नमुना फळीवर धूळ खात पडायचा. अच्युत हा तिथला नमुने करणारा. मंडळाने मंदिर बांधलं, हॉल बांधला, आणि मधल्या भिंतीपाशी पैसे संपले. तेव्हा अच्युतने साहेबांची परवानगी काढली आणि मोडीत निघालेल्या सागवानी नमुन्यांच्या फळ्या जोडून, ड्यूटी संपल्यावर, मला घडवलं. माझ्या अंगात एका पंपाचं लाकूड आहे, मोठ्या चाकाचं आहे, आणखी कशाकशाचं आहे. फिरणाऱ्या वस्तूंचं लाकूड असल्यामुळेच की काय, मला स्वस्थ उभं राहवत नाही.

गुरुवारी संध्याकाळी आरतीला गर्दी व्हायची. मग दोघेजण मला रुळावरून सरकवून घडी करत आणि हॉल मंदिरात मिसळून जाई. आरती झाली की पुन्हा मला ओढून लावत. लग्नसराईत मंडळ हॉल भाड्याने देई. तेव्हा मी घट्ट बंद असायची. माझ्या एका गालाला उदबत्तीचा वास यायचा आणि दुसऱ्याला पुऱ्या तळल्याचा. इकडे जप चाललेला, तिकडे नवऱ्यामुलाचे मित्र सिनेमाच्या गाण्यांवर नाचत असलेले. मी दोन्ही ऐकायची आणि दोन्हीकडून वैतागायची.

खरी शोभा आली ती कमलिनीमुळे. ती उज्जैनची, कारखान्यातल्या एका तंत्रज्ञाची बायको. वसाहतीतल्या दवाखान्यातल्या नर्सबाया आणि शाळेतल्या शिक्षिका मुलांना कुठे ठेवावं या विवंचनेत असत. कमलिनीने मंडळाला विचारलं, लग्न नसेल त्या दिवशी हॉल रिकामाच असतो, तिथे मुलं सांभाळू का? मंडळाने मोठ्या मनाने हो म्हटलं. भाडं नको म्हणाले. सतरंज्या आल्या, खेळणी आली, कपाट आलं, आणि पाठोपाठ मुलं आली. मराठी होती, मल्याळी होती, अगदी अलीकडच्या तुकडीत सरदारजींची जुळी होती, आणि रेहाना नर्सचा धाकटा होता, जो दिवसभर माझ्या फटीत बोट घालून पलीकडचा देव शोधायचा. सगळी तिला मौसी म्हणत.

एक गोष्ट तुम्हाला सांगायलाच हवी. दुपारी देव विश्रांती घेतात म्हणून मंदिर बंद असतं. त्याच वेळी हॉलमध्ये मुलं झोपत. पण वाटेने जाणारा एखादा भाविक बंद दाराच्या गजांतूनही हात घालून घंटा वाजवायचा आणि अर्धी मुलं रडत उठायची. म्हणून नरहर गुरुजी, म्हणजे आमचे पुजारी, दुपारी घंटेच्या लोलकाला फडकं गुंडाळून ठेवू लागले. कोणी विचारलं तर सांगत, देवांची झोपमोड होते. माझ्या एका बाजूला दत्त झोपलेले आणि दुसऱ्या बाजूला मुलं झोपलेली. माझ्या सगळ्या आयुष्यात तेवढाच वेळ काय तो मला चैन पडायची. काही मुलांच्या डब्यात उकडलेलं अंडं असे. ते गुरुजींनाही ठाऊक होतं आणि मंडळालाही. पण मी मध्ये उभी होते ना, मग कोणीच काही बोलत नसे.

अशी कितीतरी वर्षं गेली. अच्युत निवृत्त झाला, बऱ्याच जणांनी वसाहत सोडून शहरात घरं बांधली, पण मंदिर सुटलं नाही.

मग एका फाल्गुनात नगर निगमाची, म्हणजे तिथल्या महापालिकेची, सूचना आली की परिसरातल्या सगळ्या इमारतींची करासाठी पाहणी होणार आहे. पूजेच्या जागेला कर माफ होता. भाड्याने दिलेल्या जागेला नव्हता. मंडळाचे सचिव दिगंबरराव ही सूचना घेऊन आले आणि माझ्यापुढेच खुर्च्या मांडून बैठक बसली. दिगंबरराव मूळचे पुण्याचे, कारखान्याच्या अकाउंट्समधून निवृत्त झालेले. माणूस वाईट नव्हे. मंदिराच्या छताला गळती लागली तेव्हा स्वतः वर चढले होते. पण मंदिरावर कर हा शब्दच त्यांना सहन होईना. ते म्हणाले, आमच्या पगारातून सरकारने कर आधीच कापून घेतला, उरलेल्या पैशातून आम्ही पोटाला चिमटा काढून वर्गणी दिली, त्या वर्गणीतून हे देऊळ उभं राहिलं. आता देवाच्या घरावर पुन्हा कर? आपण काय सोन्याचा कळस असलेलं श्रीमंत संस्थान आहोत? इथे छताला डांबर लावायचं तरी दारोदार फिरावं लागतं.

अच्युतने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, देवाची जागा माफ असायला माझी ना नाही. पण देवळापुढचा दिवा गेला की आपण निगमालाच फोन करतो. गटार तुंबलं की त्यांच्याच नावाने बोंब मारतो. तो पैसा पलीकडच्या चहावाल्याने भरलेल्या करातून येतो, आणि तो तर आपल्या देवळात पाऊलही टाकत नाही. शिवाय हॉल लग्नाला देतो तेव्हा आपण दुकानच चालवतो. शेजारचा लग्नाचा हॉलवाला कर भरतो म्हणून त्याचं भाडं जास्त, आपण भरत नाही म्हणून आपलं कमी. हा देवाचा प्रसाद आहे की काय?

एका तरुण सभासदाने मध्येच तोंड घातलं की मशीद, चर्च, गुरुद्वारा, मंदिर, सगळ्यांनाच सरसकट लावा कर, म्हणजे कोणाला काही बोलायला नको. त्यावर दिगंबरराव उसळले. सरसकट लावला तर मोठी देवस्थानं हसत भरतील आणि आपल्यासारख्यांना कुलूप लागेल, असं ते म्हणाले. मला तेही पटलं. त्याआधी अच्युतचंही पटलं होतं. दोन बाजू असलेल्या वस्तूची हीच पंचाईत होते. कमलिनी मागे दाराशी उभी राहून ऐकत होती. तिला कोणी काही विचारलं नाही.

शेवटी दिगंबररावांनी तोड काढली. हॉलही पूजेचीच जागा आहे असं दिसलं पाहिजे. त्यासाठी मला उघडून ठेवायचं, सगळीकडे सतरंज्या पसरायच्या, आणि हॉलच्या टोकाला एक मूर्ती बसवायची. टी. टी. नगरच्या बाजारात एका मूर्तिकाराकडे मागच्या भाद्रपदातला न विकलेला गणपती होता, तो त्यांनी आणला. प्राणप्रतिष्ठा वगैरे काही नाही, गुरुजींनी मंत्र म्हणायचे नाहीत, फक्त पाहणीपुरता ठेवायचा, असं त्यांनी सगळ्यांना बजावून सांगितलं. कमलिनीला म्हणाले, चार दिवसांचा प्रश्न आहे, तोवर मुलांना तुमच्या घरी घ्या. ती बरं म्हणाली.

मला घडी करून कोपऱ्यात दाबलं. मित्रांनो, मी ढकललं जाण्याला कंटाळले होते हे खरं. पण ढकलणं थांबल्यावर काय होतं ते मला तेव्हा कळलं. कडेच्या फटीतून दिसेल तेवढंच दिसायचं. फळीला फळी चिकटलेली, उष्मा, आणि उद्या कोणी येईल का याची वाट पाहणं. पाहणीचा दिवस पुढे गेला. पुन्हा तारीख आली, तीही गेली. चैत्र संपला.

इकडे त्या गणपतीचं भलतंच होऊन बसलं. पहिला हार दिगंबररावांच्या बायकोने, शकुंतलाबाईंनीच घातला. मूर्ती ओकीबोकी बघवत नाही म्हणाल्या. मग कोणी दूर्वा आणल्या, कोणी निरांजन लावलं. मंगळवारी बायका येऊन बसू लागल्या. एकीच्या मुलीचं लग्न बरेच दिवस अडलं होतं, ते याला साकडं घातल्यावर ठरलं, आणि मग तर विचारूच नका. दिगंबररावांनी गुरुजींना हळूच विचारलं, हा देव नव्हे, हे तुम्ही लोकांना सांगत का नाही? गुरुजी म्हणाले, मंत्र मी म्हटले नाहीत, पण जोडलेले हात मी सोडवू कसे? खोटेपणाने आणलेला देव डोळ्यांदेखत खरा झाला आणि आता त्याला उचला म्हणायची कोणाची छाती होईना.

मग मुलं कुठे जाणार? देवासमोर चपला, सांडलेलं दूध, अंड्याचा डबा कसा चालेल? चार दिवसांचे कितीतरी आठवडे झाले. कमलिनीच्या घराला पश्चिमेचा व्हरांडा होता आणि वैशाखातलं भोपाळचं ऊन. ती ओल्या चादरी टांगायची, त्या बघता बघता वाळायच्या. एका मुलीला लू, म्हणजे उन्हाची गरम झळ, लागली आणि सलाईन लावावं लागलं. तिच्या आईने शाळेतली नोकरी सोडली. जुळ्यांना त्यांच्या आजीकडे लुधियानाला पाठवलं. रेहानाने रात्रपाळी मागून घेतली आणि दिवसा मुलाला घेऊन झोपू लागली. तिला झोप किती मिळत असेल ते तुम्हीच समजा. कमलिनी आरतीला येई तेव्हा हे सगळं गुरुजींना सांगे आणि मी कोपऱ्यातून ऐके. मुलं अशीच गळत गेली तर पाळणाघर बंद पडणार होतं, हे तिला दिसत होतं. माझी नुसती तगमग व्हायची. मी जागेवर असते तर गणपती त्या बाजूला बसलाच नसता, असं सारखं वाटायचं.

आणि मग ज्येष्ठातल्या एका दुपारी निगमाच्या मॅडम आल्या. बरोबर टेप धरणारा एक माणूस होता. मंडळाचे चारपाच जण धावत आले. कमलिनीही नेमकी तेव्हाच हॉलच्या कपाटातून मुलांच्या गाद्या न्यायला आली होती. मॅडमनी गणपती पाहिला, हार पाहिले, पाया पडल्या. मग वर पंखे मोजले, छताला लावलेले झुंबराचे हूक पाहिले, मागचं मोठं स्वयंपाकघर पाहिलं. हा हॉल कशाचा, असं त्यांनी विचारलं. दिगंबररावांनी पूजेचा म्हणून सांगितलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं, कारण आता ते खोटं राहिलं नव्हतं.

"पहले यहाँ क्या होता था?" मॅडमनी विचारलं.

सगळ्यांनी दिगंबररावांकडे पाहिलं. मला वाचा नाही. कमलिनी गाद्या छातीशी धरून उभी होती. खरं सांगितलं तर मंडळ रागावणार आणि हॉल कायमचा जाणार. गप्प बसलं तर हॉल गेलेलाच होता. तिच्या मनात काय चाललंय ते तिच्या हातांवरून मला दिसत होतं. गादीची शिवण तिने बोटांनी उसवत आणली होती.

"मैडम, यहाँ मेरे बच्चे सोते थे," ती म्हणाली. "और शादियाँ होती थीं. किराए पर."

दिगंबरराव घाईने म्हणाले की पण आता तर इथे देव बसले आहेत. मॅडमनी त्यांच्याकडे शांतपणे पाहिलं. "भगवान तो मेरे दफ़्तर की दीवार पर भी हैं. उससे दफ़्तर मंदिर नहीं हो जाता." आणि मग त्यांनी विचारलं की मंदिर संपतं कुठे आणि हॉल सुरू होतो कुठे.

अच्युत माझ्यापाशी आला. इतके आठवडे एकाच जागी उभी राहून मी रुळात अडकले होते. त्याच्या म्हाताऱ्या हातांनी मी हलेना. तेव्हा कमलिनीने गाद्या खाली ठेवल्या आणि दोघांनी मिळून मला ओढलं. मी किंचाळत, धूळ उडवत निघाले आणि पलीकडच्या भिंतीला जाऊन लागले. टेपवाल्याने माझ्यापासून माप घेतलं. माझ्या इकडची बाजू माफ, तिकडच्या बाजूला कर. जन्मात पहिल्यांदा कोणीतरी मला हद्द मानलं होतं. मला फार फार बरं वाटलं, हे मी लपवत नाही.

बाकी कोणालाच बरं वाटलं नाही. कमलिनीशी बायका बोलेनाशा झाल्या. एवढी वर्षं फुकट जागा दिली त्याचे हे पांग फेडले, असं तिच्या तोंडावर बोलून दाखवलं. पुढच्या रविवारी बैठक बसली. कर भरायचाच आहे तर हॉल सगळे दिवस लग्नांना, किटी पार्ट्यांना, कंपन्यांच्या सेलला द्यावा, असं त्या तरुण सभासदाने सुचवलं आणि माना डोलल्या. अच्युतही काही बोलला नाही. कर भरा म्हणणारा तोच होता, आता हॉल कशाने कमावू नका हे तो कोणत्या तोंडाने सांगणार? मला त्याचा राग आला.

कमलिनी दाराशी उभी होती. ती आत आली आणि पहिल्यांदाच खुर्चीवर बसली.

"पाळणाघराच्या दिवसांचा जो कर येईल, तो मी देऊन देईन," ती म्हणाली. "आयांशी मी बोलली आहे. सगळ्या मिळून भरतील. बाकी फुकट नको आता."

दिगंबरराव अवघडले. म्हणाले, "अहो कमलिनीताई, देवाच्या दारात बायकामुलांकडून कर घ्यायचा? शोभतं का आपल्याला?"

"मग दिगंबरराव, माफी तरी कोणासाठी मागत होतात तुम्ही?"

ती हे भांडणाच्या सुरात बोलली नाही. तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं. दिगंबररावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मंदिरासाठी, असं ते म्हणाले असते, पण मंदिराला तर माफी मिळालेलीच होती. मग शकुंतलाबाई म्हणाल्या, अहो, होऊ द्या तिच्या मनासारखं. ठरलं ते असं, की लग्नाचे दिवस मंडळाचे, बाकीचे कमलिनीचे, आणि ज्याचे दिवस त्याने त्यांचा कर भरायचा.

राहता राहिला गणपती. उचलायला कोणी पुढे होईना. कमलिनी म्हणाली, राहू द्या त्यांना, एक मूल वाढलं म्हणायचं. नरहर गुरुजींनी दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच एक लाल पडदा आणून मूर्तीपुढे लावला. अंड्याचे डबे उघडायच्या वेळी कमलिनी तो पडदा ओढते. रेहानाचा धाकटा आता माझ्या फटीत बोट घालत नाही. देव त्याच्या बाजूलाच राहायला आला आहे.

मित्रांनो, तुम्ही विचाराल, देवळांनी कर भरावा की नाही? मी अजूनही कुठल्या एका बाजूला नाही, आणि त्यामुळे मला अजूनही स्वस्थता नाही. माझं एवढंच सांगणं आहे की सूट मागायची असेल तर ती कोणाच्या उपयोगी पडणार आहे ते आधी डोळे उघडून बघा. आणि माझ्यासारख्या जुन्या भिंतींच्या रुळात अधूनमधून तेल घालत जा. आम्ही अडकलो की हद्दी पुसल्या जातात, आणि मग कोणाचं काय हे कोणालाच कळत नाही.

कराची पहिली पावती आली त्या आठवड्यातल्या गुरुवारचं सांगते आणि थांबते. संध्याकाळी आरतीला गर्दी झाली. नेहमीसारखं दोघांनी मला सरकवलं. पलीकडे कमलिनी शेवटच्या गाद्या गुंडाळत होती आणि रेहाना, गणवेशातच, मुलाच्या चपला शोधत होती. लोक सवयीने आत घुसणार, तेवढ्यात दिगंबरराव माझ्या रुळाशी थांबले. मागच्यांनाही त्यांनी हात आडवा करून थांबवलं. खाली फरशीकडे पाहिलं. दिवस आज कोणाचा होता, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

"कमलिनीताई," ते म्हणाले, "आम्ही आत बसलो तर चालेल का?"

कमलिनीने रेहानाकडे पाहिलं. रेहानाने मुलाला कडेवर घेतलं आणि सतरंजीचं एक टोक उचललं. दुसरं कमलिनीने धरलं, आणि दोघींनी ती लोकांसाठी अंथरली.